पट्ट्याखालची कातडी

"माय, तुह्या पायावर चुना सांडला."

जयाने असे म्हटले तेव्हा ती पाच वर्षांची होती. संक्रांतीचे दिवस होते, साल चौसष्ट. इंदू, म्हणजे माझी बायको, चुलीपुढे भाकरी थापत बसली होती. उजवा पाय पुढे पसरलेला होता. जयाने थुंकी लावून बोटाने चुना पुसायला घेतला.

"निघत नाई व माय."

"खाजवू नको, चिखल्याचं हाय थे," इंदू म्हणाली. पावसाळ्यात चिखलात निंदण करून बायांच्या बोटांच्या बेचक्यात जखमा होतात, त्यांना आम्ही चिखल्या म्हणतो. पण पावसाळा जाऊन तीन महिने झाले होते. मी दिवा खाली घेतला. अंगठ्याच्या बेचक्यात एक पांढरा डाग होता, आणि पायाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढे चार-पाच. डाव्या पायावरही तसेच होते. इंदूने भाकरी तव्यावर टाकली आणि पाय लुगड्यात ओढून घेतला.

आमचे गाव बोरी अरबपासून दीड कोसावर. छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली नऊ माणसे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, मी त्यांत होतो. आल्यावर घरोघरचे देव टोपलीत भरून अडाण नदीत सोडले. मेलेली ढोरे ओढणे बंद केले. तेव्हा बाबाराव म्हणाले, "जे ओढाचं नाई, थे पायात बी नको." बाबाराव आमच्यात वडील, चौथी शिकलेले, वंदना तेच घेत. त्यांच्या शब्दावर वस्तीने चामडे सोडले. पुढे बाजारात रबरी सिलीपर आल्या, निळ्या पट्ट्याच्या. आम्ही पुरुषांनी त्या घेतल्या आणि गावातल्या मोठ्या गल्लीतून घालून चालायला लागलो. त्या गल्लीतून माझा बाप पायतण काखेत मारून जात असे.

बायांनी मात्र कोणी घातल्या नाहीत. इंदूने घातल्या. मीच आणून दिल्या होत्या. पहिल्या दिवशी ती मोठ्या गल्लीतून पाण्याला गेली, तेव्हा ओट्यावर बसलेली म्हातारी पाटलीण म्हणाली, "इंदे, पायाले जखम झाली काय व? बांधून फिरून राह्यली म्हून विचारलं."

"जखमच हाय, पाटलीणबाई," इंदू म्हणाली. "लई जुनी. आता कुठं पट्टी बांधली."

हे वस्तीत महिनाभर चालले. बाया एकमेकींना सांगून हसत. त्यानंतर इंदूने त्या सिलीपर पायातून काढल्याच नाहीत. वावरात, पाण्यात, चिखलात, घरातसुद्धा. धुवायची आणि ओल्याच घालायची. एवढे सगळे मला तेव्हाही दिसत होते.

डाग लपले नाहीत. माघात ते एकमेकांना मिळाले. मोठ्या गल्लीत म्हणायला लागले की मरीआईने तिचा पाय धरला. आईचा दगड वस्तीच्या कडेला तसाच होता, सात वर्षे त्याला कोणी शेंदूर लावला नव्हता. एका सकाळी त्याच्यापुढे लिंबू आणि नारळाची भकले दिसली. ती फकिराच्या घरची होती, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळले. फकिरा माझ्यासोबत नागपूरला आलेला माणूस. मी विचारले तर म्हणाला, "डोमाजी, माह्या घरात तीन पोरी हाय. मले परीक्षा नाई पाहाची."

त्याच महिन्यात महारोग तपासणारा माणूस सायकलवर आला. त्या काळी ते गावोगाव फिरत. तपासनीस तरुण होता, वर्ध्याकडचा. त्याने इंदूला उजेडात बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि डागावरून कोंबडीचे पीस फिरवले.

"कुठे लागलं, बोट ठेवा."

इंदूने बरोबर तिथेच बोट ठेवले. दहा वेळा फिरवले, दहाही वेळा तिला कळले. मग त्याने टाचणी टोचली.

"आय गं! टोचते ना बाप्पा!"

तो हसला. "टोचलंच पाहिजे, बाई. महारोगाच्या डागाला काही कळत नाही. तुम्हाला सगळं कळतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हा महारोग नाही. हिला वेगळं ठेवायचं काही कारण नाही."

"मंग काय हाय?" मी विचारले.

"ते मला सांगता येणार नाही. यवतमाळला दाखवा." त्याने एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. मला वाचता येत नव्हते. मी कागद घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवला.

यवतमाळला आम्ही गेलो. मोठ्या डॉक्टरने पाय पाहिले, महारोग नाही म्हणाला, कोड असेल म्हणाला, पिवळे मलम दिले. मलमाने काही झाले नाही.

फाल्गुनात बाबारावांनी मला बोलावले. इंदूही आली आणि दारातच उभी राहिली.

"महारोग नाई, हे बरं झालं," बाबाराव म्हणाले. "पण मंग काय हाय? डाक्टर बी कोड 'असन' म्हनला, पक्कं नाई. मोठ्या गल्लीले काय सांगू मी? फकिरा दगडाकडे गेला. काल अजून दोघींनी दगड धुतला. असंच चाललं त दिवाळीपरेंत आख्खी वस्ती त्या दगडापाशी बसन. डोमाजी, कारण सापडेपरेंत तिले वावरातल्या खोपडीत राहू दे. लोकाइच्या डोयासमोर पाय नको."

"अन् जया?" इंदूने विचारले.

"लेकरू इथंच बरं. तिले लागलं त?"

"लागत नाई म्हनला ना थो!"

"थो म्हनला महारोग नाई. काय हाय, हे कुठं म्हनला?"

इंदूने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "थोडे दिवस."

दुसऱ्या दिवशी मी बोरीच्या बाजारातून जर्मनची एक ताटली आणि एक गडवा घेऊन आलो. तिचे वेगळे असावे म्हणून. हे मला बाबारावांनी सांगितले नव्हते. कोणीच सांगितले नव्हते.

आमचे वावर गावापासून मैलभर, बंजारा तांड्याच्या बाजूला. खोपडी तुराट्यांची होती, पावसाळ्यात राखणीसाठी बांधलेली. मी रोज सकाळी भाकरी आणि कालवण घेऊन जायचो. ती ताटली खाली ठेवून मागे सरायची. मी वरून वाढायचो, हात वर धरून, जसे पूर्वी मोठ्या गल्लीतल्या बाया आम्हाला वाढायच्या. हे सारखेपण माझ्या ध्यानात यायला वर्ष गेले. तेव्हा मला काही वाटत नव्हते. काम करावे तसे ते करत होतो. वाढायचे, बैलाला पाणी पाजायचे, परत यायचे.

जया माझ्यासोबत यायची. तिला मी धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, पुढे येऊ देत नव्हतो. ती धुऱ्यावरून ओरडून बोलायची.

"माय, बकरीले दोन पिल्लं झाली!"

"कोन्या रंगाची?"

"एक कायं, एक तुह्या पायासारखं!"

इंदू हसली. मग पदर तोंडावर घेऊन आत गेली. जया मला म्हणाली, "बाबा, माय काहून गेली?" मी तिला उचलून परत आणले.

काट्यांचे वावर, विंचू-काड्याची भीती, म्हणून इंदू सिलीपर घालूनच राहायची. डाग वाढतच गेले. चैत्रात ते दोन्ही पायांवर पुरते उतरले. मी रोज पाहायचो आणि मला त्यात काही दिसायचे नाही.

वैशाखात एका सकाळी मी गेलो तर खोपडीच्या सावलीत तांड्यावरची बसंतीबाई बसली होती. पन्नाशीची बाई, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, आरसे लावलेले. तिच्या बकऱ्या आमच्या धुऱ्यावर चरत. ती महिनाभर इंदूकडे येऊन बसत होती आणि मला ते माहीतही नव्हते. इंदूचा पाय तिने आपल्या मांडीवर घेतला होता. मी थबकलो.

"ये भिया, ये," ती म्हणाली. तांड्यात भावाला भिया म्हणतात. "भिऊ नको. तुले नाही धरत मी, तुह्या बायकोले धरलं."

"काय करून राह्यल्या तुमी?"

"हिची चप्पल तुटली. मी म्हनलं, दे, शिवून देते. मी कशिदा काढते, चप्पल काय मोठी? पट्टा हातात घेतला अन् मले हसू आलं." तिने तुटलेला निळा पट्टा उचलून इंदूच्या पायावर मांडला. बेचक्यातून वर, मग दोन फांद्या, दोन्ही कडांना. डाग पट्ट्याखाली पूर्ण झाकला गेला. पट्टा उचलला की डाग दिसायचा, ठेवला की नाहीसा व्हायचा. तिने दोन-तीन वेळा करून दाखवले.

"दोन पाय, दोन्हीवर एकच नक्षी," ती म्हणाली. "भिया, रोग कशिदा काढत नाही. कशिदा मानूस काढते, नाही तर कपडा काढते. हे पाह्य." तिने आपल्या बांगड्या जोर लावून वर सरकवल्या. खालची कातडी फिकी होती, सुरकुतलेली. "हे चाळीस वर्षाचं. पन हे ऊन न लागल्याचं. हिचं वेगळं. ह्या रबरात काही हाय."

"मंग माह्या पायाले काहून नाई झालं?" मी म्हणालो. "मी हिच्या आधीपासून घालतो. बाबाराव घालतात. अर्धी वस्ती घालते."

"बिब्बा सगळ्याइले उततो काय?"

बिब्बे आम्ही सगळ्यांनी फोडलेले. माझ्या हाताला त्याचे तेल लागले तर काही होत नसे. माझ्या भावाचे मात्र तोंड सुजून डोळे मिटत.

"आधी खाज आलती का नाही तुले?" बसंतीबाईने इंदूला विचारले.

"लई. मी म्हनलं चिखल्या."

मी त्याच पावली बाबारावांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले आणि स्वतःच्या पायाकडे पाहिले. त्यांच्याही पायात निळा पट्टा होता.

"तांड्यावरची लभानीन म्हनते म्हून मानाचं?" ते म्हणाले. "डोमाजी, रबर घालाचं आपन ठरवलं. मी ठरवलं. आता रबरानंच केलं म्हनून सांगू लोकाइले? मोठ्या गल्लीतले हसतीन. म्हनतीन, चप्पल घातली म्हून झालं, देवीच्या मनात हेच होतं. नाई, नाई. पक्कं काही पायजे."

मी तसेच इंदूला सांगितले. मग तुटलेल्या पट्ट्याचा एक तुकडा तिने विळ्याने कापला. डावा हात पुढे करून मनगटाच्या वर तो ठेवला आणि लुगड्याची चिंधी काढली.

"बांधा," ती मला म्हणाली. "घट्ट बांधा."

"कायले?"

"मरीआई पाय धरते म्हनतात ना? इथं तिले पाय नाई भेटनार. इथं डाग आला त रबराचा."

"अन् आला त जन्मभर राहीन तो."

"दोन पायावर हाय. एक हातावर राहीन. बांधा."

फाल्गुनानंतर मी तिला पहिल्यांदा हात लावला तो असा. चिंधीला दोन गाठी मारल्या. तिचा हात गरम होता. मी गाठ नीट बसली की नाही ते पाहिले आणि घरी आलो.

त्या दिवसापासून तिने सिलीपर सोडल्या. अनवाणी फिरायला लागली. बसंतीबाई तिच्या पायातले काटे सुईने काढून द्यायची. पंधरा दिवसांनी हाताला खाज सुटली. इंदू म्हणाली, "आली," जसे गाडी आली म्हणावे. पुढे तिथे पुरळ आले, पाणी सुटले. बसंतीबाई म्हणाली, आता सोड. इंदूने चार दिवस सोडले, जखम सुकली की पुन्हा बांधले. असे ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. पावसात खोपडी गळायची. मी वरून ताडपत्री टाकून दिली. जया धुऱ्यावर छत्री घेऊन उभी राहायची, पण आता फार बोलायची नाही. माय दिसली की हात हलवायची आणि चिखलात खेळायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इंदूने चिंधी सोडली. मनगटाच्या वर दोन बोटे रुंद पांढरा पट्टा उमटला होता, दोन्ही कडा सरळ, जशा कापडाच्या असतात. पायांचे डाग मात्र ज्येष्ठापासून होते तेवढेच राहिले होते.

मी बाबारावांना वावरात घेऊन गेलो. त्यांनी तिचा हात धरून बराच वेळ पाहिला, उलटसुलट केला. मग आपल्या सिलीपर काढून बाजूला ठेवल्या आणि जमिनीवर बसले.

"माहंच चुकलं," ते म्हणाले. "सहा महिने."

"सात," इंदू म्हणाली.

"आज सगळ्याइले बोलावतो. तू हात दाखव. अन् चल घरी, पोरी. मागच्या वाटेनं ये, कोनाच्या तोंडी नको."

"मागच्या वाटेनं नाई येत," इंदू म्हणाली. "गेली तवा तुमी मले मागच्या वाटेनं धाडलं. आता मोठ्या गल्लीतून येतो."

"ये ना मंग. कोन नाई म्हनते?"

"अनवानी नाई येत."

रबर चालत नव्हते. बाबाराव शेवटी म्हणाले, "चामड्याची घाल. मी काही म्हनत नाई."

"तुमी म्हनलं त सोडाची, तुमी म्हनलं त घालाची?" इंदू म्हणाली. "चामडं तुमच्यासाठी नाई सोडलं मी. दुसरं पाहा."

दुसरे मलाच पाहावे लागले. बोरीच्या दुकानात कापडी बूट होते, पांढरे, शाळेतली पोरे कवायतीला घालतात तसे. तळ रबराचा होता, म्हणून सोबत जाड मोजे घेतले. बाईमाणसाच्या मापाचे काही नव्हतेच, मोठ्या पोराच्या मापाचे घेतले.

पोळ्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी इंदू मोठ्या गल्लीतून आली. नऊवारी लुगडे, खाली मोजे, पांढरे बूट, डोक्यावर गाठोडे. बसंतीबाई बकऱ्या सोडून तिच्यासोबत आली होती. मी चार पावले मागे होतो. गल्लीतली माणसे ओट्यांवर येऊन उभी राहिली. कोणीतरी शिट्टी वाजवली.

पाटलीण म्हणाली, "काय व इंदे, कवायतीले चालली काय?"

"हो पाटलीणबाई. तुमी बी या. अशा लाईनीत उभ्या राहा."

बसंतीबाई एवढी हसली की तिचे आरसे चमकले. पाटलीणही हसली, बोळक्या तोंडाने. मागून कोणी म्हणाले की आईने आता हातही धरला. तसे म्हणणारे शेवटपर्यंत राहिले. पण वस्तीतल्या बायांनी त्या सायंकाळी इंदूच्या हातावरून हात फिरवून पाहिला, एकेक करून. पट्ट्याची कड बोटाने तपासली. फकिराच्या बायकोने दोनदा पाहिली. मरीआईचा दगड त्यानंतर कोणी धुतला नाही.

घरी जया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. इंदू खाली बसली, हात पुढे केले. जया हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हात लावू का?"

तिने मायला नाही विचारले. मला विचारले.

मी हो म्हणालो. जयाने बुटाला हात लावला. मायच्या मांडीवर बसायला तिला पुढे आठ दिवस लागले.

रात्रीचे जेवण इंदूनेच केले. वाढायची वेळ आली तेव्हा तिने गाठोड्यातून जर्मनची ताटली काढली. मी पितळेचे ताट तिच्यापुढे सरकवले.

"राहू दे थे. उद्या फेकून देतो ती ताटली."

"काहून फेकता? माही हाय," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने भाजी घेतली, भाकरी मोडली आणि जेवली. दुसऱ्या दिवशीही तशीच जेवली. मग मी सांगायचे सोडले. ती माझ्याशी सगळे बोलायची. पेरणीचे, जयाच्या शाळेचे, पुढे जयाच्या लग्नाचे. हसायचीही. दोन वर्षांनी मुलगाही झाला. पण ताटली बदलली नाही, आणि त्या सात महिन्यांचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

मी अक्षरे शिकलो ती साठीला आल्यावर, जयाच्या मुलीच्या पुस्तकातून. जोडाक्षरे जमायला दोन वर्षे गेली. जमली तेव्हा मला पत्र्याच्या डब्यातला तो कागद आठवला. घडीवर फाटला होता, शाई तांबूस झाली होती. इतकी वर्षे माझ्या मनात एक होते की त्या कागदावर काही वेगळे असेल. तपासनिसाने तोंडाने एक सांगितले, पण लिहिताना काही शंका लिहिली असेल. निदान एखादा शब्द.

इंदू जेवत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि एकेक अक्षर लावून वाचले, "महारोग नाही. डागांस स्पर्श कळतो. रुग्णास घरच्यांपासून वेगळे ठेवण्याचे कारण नाही."

"हेच त बोलला होता थो," इंदू म्हणाली.

"हो."

"मंग आता कायले वाचून राह्यले?"

मी कागदाची घडी केली. तिने उरलेल्या भाकरीने ताटली पुसून घेतली. मग ती उठली. तिच्या डाव्या हातावरचा पट्टा तेवढाच पांढरा होता, बाकीचा हात उन्हाने काळा. तिने ताटली घासली आणि रोजच्या जागी ठेवली, मांडणीच्या शेवटच्या फळीवर, बाकीच्या भांड्यांपासून जरा बाजूला.